तीन देशांतली एकच गोळी

मी मूळची अजिंठ्याची. वडिलांचं गावात किराणा-कटलरीचं छोटं दुकान होतं. लेणी बघायला येणाऱ्या जपानी पाहुण्यांना पाण्याच्या बाटल्या विकता विकता मी त्यांचे चार शब्द उचलले, पुढं पुण्याला जाऊन रीतसर परीक्षा दिल्या आणि काही वर्षं लेण्यांमध्ये गाईड म्हणून काम केलं. आता शहरात राहते. जपानी शिकवते, आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत जपानी यंत्रं आली की त्यांची माहितीपुस्तकं मराठीत करून देते. पाहुणे आले की मालक आणि पाहुणे यांच्या मधल्या खुर्चीवर बसते. ह्याचं बोलणं त्याला, त्याचं ह्याला. स्वतःचं काही बोलायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम.

त्या कारखान्यात मी चार-पाच वर्षं जात होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढायचा कारखाना. मालक पिढीजात जमीनदार घरातले, जालना रोडला लागून असलेल्या शेतात त्यांनी शेड टाकलं आणि बघता बघता तीन शेडं झाली. माणूस बोलायला मोकळा, हात सैल. कामगारांच्या लग्नाला स्वतः जाणारा. मला त्यांच्याबद्दल आदरच होता, हे मुद्दाम सांगते.

एकदा दुपारी जेवणानंतर जपानी पाहुणे हात धुवायला गेले होते. टेबलावर पेपर पडला होता. शहरात गुंगीच्या गोळ्या विकणाऱ्या पोरांना पकडल्याची बातमी होती. आमच्याकडं त्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. मालकांनी पेपर बोटानं ढकलला.

“ह्या बटनवाल्यांना क्रांती चौकात उभं करून फोडलं पाहिजे, मॅडम. सगळं शहर नासवलं हरामखोरांनी.”

असं म्हणत त्यांनी खिशातून चांदीची डबी काढली. दोन कप्प्यांची. एका कप्प्यात बडीशेप, दुसऱ्यात केशरी रंगाच्या गोळ्या. त्यातली एक त्यांनी पाण्याबरोबर घेतली आणि डबी माझ्यापुढं धरली.

“घ्या एखादी. अमेरिकेची आहे. पोराचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं, तर तिथल्या डॉक्टरनं लिहून दिली. तो सुट्टीवर आला की बापासाठी आणतो. दुपारचा डोळा लागत नाही बघा. डोकं घोड्यासारखं पळतं.”

“मला चहा पुरतो,” मी म्हटलं. पाहुणे परत आले आणि आम्ही यंत्राच्या दाबाबद्दल बोलायला लागलो.

पुढं पत्रा दाबायचं नवीन यंत्र, म्हणजे प्रेस, विकत घ्यायचं ठरलं आणि ते शिकायला मालक आणि त्यांचा एक फिटर जपानला निघाले. हा फिटर चितेगावजवळच्या एका गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. घरात आयटीआय केलेला पहिला तोच. प्रेसमध्ये बसवायच्या साच्यांवर त्याचा हात चांगला होता, म्हणून त्याला निवडलं. जायच्या आधी काही संध्याकाळी तो माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसला. मी त्याला थोडी वाक्यं पाठ करून दिली. ‘धन्यवाद’, ‘पाणी मिळेल का’, आणि ‘माफ करा, मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा’. हे शेवटचं त्याला फार आवडलं. म्हणाला, “हे एक आलं की सगळं भागतंय बघा, ताई.”

ते गेले. आठवडाभरानं मालकांचा फोन आला. “मॅडम, जरा बंगल्यावर या. जपानीत एक पत्र आलंय.”

सकाळची वेळ होती. मालक डायनिंग टेबलावर बसून पोहे खात होते. मला वाटलं, दोघंही परत आले असतील. मी विचारलं, “फिटर पण आला का?” त्यांनी मोबाईल माझ्याकडं सरकवला.

पत्र तिकडच्या एका वकीलबाईंचं होतं. मी मनात वाचलं आणि मग मोठ्यानं मराठीत सांगायला लागले, सवयीनं, जसं मधल्या खुर्चीवरून सांगते तसं. फिटरला विमानतळावर अटक झाली होती. त्याच्या हातातल्या पिशवीत एक चांदीची डबी सापडली, अर्ध्या भागात कसल्यातरी बिया आणि अर्ध्या भागात केशरी गोळ्या. तपासणीत त्या ॲम्फेटामिनच्या निघाल्या. हे मेंदू चेतवणारं औषध जपानात कोणत्याही कारणासाठी, डॉक्टरचा कागद असला तरी, सोबत आणता येत नाही. फिटर म्हणतो, पिशवी मालकांची होती, सामान घेताना त्यांनी त्याच्याकडं दिली. हे खरं आहे का, ते मालकांनी कळवावं, अशी वकीलबाईंची विनंती होती. त्यावर त्या माणसाचं पुढचं आयुष्य अवलंबून आहे, असं त्यांनी साध्या शब्दांत लिहिलं होतं.

मी थांबले. मालकांनी पोह्यातला शेंगदाणा चावला.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “सदर कर्मचाऱ्याच्या सामानाशी कंपनीचा किंवा कंपनीच्या मालकांचा काहीही संबंध नाही. त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर काय नेलं याची आम्हाला कल्पना नव्हती.”

“साहेब, डबी तुमची आहे.”

“कोण म्हणतं?”

“मी पाहिलीय. तुम्ही मला त्यातली गोळी देत होतात.”

त्यांनी चमचा ठेवला, पण रागावले नाहीत. उलट मला समजावून सांगायला लागले, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाले, “अहो, ते काय गर्द आहे का? औषध आहे औषध. अमेरिकेत शाळेतली पोरं खातात. तिथं औषध, तर जपानात कसा काय गुन्हा? जपानवाले येडे आहेत.”

“मग हेच कळवू. औषध मुलाचं, डबी तुमची, फिटरला माहिती नव्हतं. तो सुटेल.”

“आणि मी अडकू?” ते म्हणाले. “मी थांबलो होतो की काचेच्या पलीकडं. बघितलं, त्याला बाजूला घेतलं. बराच वेळ उभा होतो. मग म्हटलं, दोघंही अडकून काय उपयोग? कारखाना कोण बघणार?”

म्हणजे ह्यांनी पाहिलं होतं. काचेतून पाहिलं, टॅक्सी केली, हॉटेलात गेले, प्रेस बघितलं, सौदा केला आणि परत आले.

मग त्यांनी मुलाला अमेरिकेत फोन लावला. स्पीकरवर. त्याचा आवाज शांत होता. “बाबा, माझं नाव कुठंही यायला नको. इथं माझ्या नावच्या गोळ्या दुसऱ्याला दिल्या की गुन्हा होतो. माझा व्हिसा जाईल. त्या माणसाची फॅमिली कंपनी सांभाळेल ना? मग झालं की.” मागं कुठंतरी कॉफीचं मशीन घरघरत होतं. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्याच्या बायकोला मी साडीचोळी पाठवते. बिचारी.”

मी हातानं तोंड दाबून धरलं. पोह्यांवरच्या फोडणीचा वासही नको झाला. त्या घरात सगळे चांगलं बोलत होते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी धमकी देत नव्हतं. एक माणूस परदेशात कोठडीत टाकून आले होते आणि त्याच्या बायकोला साडीचोळी ठरत होती.

“हे मी लिहिणार नाही,” मी म्हटलं.

“तुमचं काम भाषांतर करायचं,” मालक म्हणाले. “खरं-खोटं ठरवायचं नाही.”

मी उठले. ते दारापर्यंत आले, शिष्टाचार म्हणून, आणि स्टीलच्या वाटीतून बडीशेप पुढं केली. मी तशीच स्कूटर काढली. चिकलठाण्याच्या विमानतळाच्या भिंतीपाशी थांबून चूळ भरली, तरी तोंडाचा कडवटपणा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पैठण रोडनं चितेगावकडं गेले. फिटरचं घर विचारत विचारत सापडलं. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, शेजारी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. फिटरचा बाप मेंढरं घेऊन गोदावरीकडं गेला होता. बायको एका पॅकिंगच्या कारखान्यात जायची, पण चार दिवस घरीच होती. खाटेवर नवीन साडी पडलेली, घडी न मोडलेली.

“बंगल्यावरनं आली,” ती म्हणाली. “कंपनीची दोन माणसं आलती. म्हणली, कुणाशी बोलू नको, केस बिघडंल. आन् गावात तर आधीच झालंय सगळं. लोक म्हणत्यात, गर्द नेत व्हता म्हणं. मेंढक्याचं पोर इमानात बसलं तवाच डोळ्यावर आलतं लोकांच्या.”

तिनं चहा ठेवला. मग चुलीपाशीच बसून विचारलं, “ताई, मला एक सांगा. ती गोळी अमेरिकेत चालती म्हणं. मंग जपानात का नाय?”

मी तिला जेवढं माहिती होतं तेवढं सांगितलं. अमेरिकेत डॉक्टर लिहून देतो, पण ज्याच्या नावानं दिली त्यानंच घ्यायची. आपल्याकडं औषधाच्या दुकानात ती मिळतच नाही, आणि कागदाशिवाय जवळ सापडली तर गर्दाचाच कायदा लागतो. जपानात महायुद्धानंतर असली औषधं दुकानांत उघड मिळायची. जागून काम करायचं म्हणून लोकांनी घेतली, आणि हजारो माणसं वाया गेली. तेव्हापासून त्या देशानं या औषधांना दार कायमचं लावलंय. आजारी माणसालाही ते आणू देत नाहीत.

ती ऐकत होती. “म्हंजी गोळी घेणाऱ्यानं तिन्हीकडं कायदा मोडला?”

“मालकांनी इथं मोडला. मुलानं अमेरिकेत मोडला.”

“आन् आत कोन हाय?”

मी खाटेवरच्या साडीकडं बघितलं.

“तुमी ती डबी पाहिलीय का?”

“व्हय.”

“मंग सांगा की.”

एवढंच म्हणाली. विनवलं नाही, रडली नाही. चहा गाळून पुढं ठेवला आणि बाहेर जाऊन कोकरांना पाला टाकायला लागली.

घरी येऊन मी वकीलबाईंना स्वतःच्या नावानं लिहिलं. काय पाहिलं, कुठं, मालक काय म्हणाले, मुलानं फोनवर काय सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. बाई वयानं माझ्याएवढ्याच असाव्यात. फार हळू आणि काटेकोर बोलायच्या. प्रत्येक वाक्याला विचारायच्या, “हे तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं?” मी वेगवेगळं करून सांगितलं. त्यांनी समजावलं की त्यांच्याकडं सगळा प्रश्न एवढाच आहे, त्या माणसाला पिशवीत असलं काही आहे हे माहीत होतं की नव्हतं. नव्हतं हे सरकारी वकिलाला पटलं, तर खटला न भरता सोडतात. पण तोवर कुटुंबाला भेटता येत नाही, फोन नाही. त्याला दिलेला दुभाषा हिंदी बोलायचा, आणि फिटरची हिंदी तोडकीमोडकी.

“सुरुवातीचे कित्येक तास,” त्या म्हणाल्या, “तो एकच वाक्य म्हणत होता. अतिशय सभ्य उच्चारात. माफ करा, मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा. पोलिसांना वाटलं, जपानी येत असून नाटक करतोय.”

मी त्यांना सांगितलं, ते वाक्य मीच त्याला पाठ करून दिलं होतं.

मग त्या म्हणाल्या, “त्यानं एक विचारायला सांगितलंय. मेंढ्या व्यायल्या का?”

मी त्याच्या बायकोला फोन लावून विचारलं आणि निरोप पोचवला. दोन व्यायल्या, कोकरं धड हायेत.

मधल्या काळात मी ओळखीच्या एका वकिलांना भेटले. मालकांविरुद्ध इथं काही करता येईल का? ते हसले. वाईट हसले नाहीत, थकून हसले. “गोळी कुठंय? जपानच्या पोलिसांकडं. बंगल्यात उरली असली तरी आता नाही. आणि बाई, बंगल्यात शोधायला जातं कोण? शोधायला जातात ते बटनवाल्यांच्या झोपडपट्टीत.” मी तिथून निघाले तेव्हा मला शहराचीच शिसारी आली होती. गुलमंडीतल्या गर्दीतून चालताना वाटत होतं, इथल्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाच्या खिशात एक डबी असेल.

कारखान्यानं मला बोलवणं बंद केलं. ते अपेक्षितच होतं. पण आणखी दोन कारखान्यांनीही बंद केलं. एका ठिकाणी मॅनेजरनं खरं कारण सांगितलं, “मॅडम, तुम्ही आतलं बाहेर सांगता असं ऐकलं.” ज्यानं काचेतून पाहून पाठ फिरवली त्याला सगळीकडं खुर्ची होती. मी मात्र विश्वासघातकी ठरले.

फिटर सुटला. खटला न भरता सोडून दिलं. वकीलबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा नेहमीचा सपाट आवाज पहिल्यांदा जरा हलला. मी त्याच्या बायकोला घेऊन चिकलठाण्याला विमानतळावर गेले. तिचा म्हातारा सासराही आला, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. आम्ही दाराशी उभे होतो, तेवढ्यात दोन गाड्या आल्या. मालक उतरले. हातात झेंडूचा जाड हार. मागं चार-पाच माणसं मोबाईल धरून.

तो बाहेर आला. वाळला होता, केस बारीक कापलेले. मालक पुढं झाले, हार घातला, मिठी मारली. “आपला माणूस आपण सोडवून आणला!” ते मोबाईलकडं बघून म्हणाले.

आणि तो वाकला. त्यानं मालकांच्या पायाला हात लावला.

माझ्या शेजारी त्याची बायको उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. पण ती तोंड दाबून धरत होती, जसं मी त्या दिवशी बंगल्यात दाबलं होतं तसं.

काही दिवसांनी फिटर माझ्याकडं आला. आभार मानायला. खुर्चीच्या कडेला बसला. त्याला सुपरवायझर केलं होतं. मी न राहवून विचारलं, “पाया का पडलास?”

त्यानं हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “ताई, दुसरीकडं दोन ठिकाणी गेलतो. तिथं पहिला सवाल, जपानात आत व्हतास का? सोडलं म्हणलं तरी कुणी ऐकत नाय. कोठडी एकदा लागली की लागली. आता मला कामावर ठेवील असा एकच मानूस हाय शहरात. त्यालाच ठावं हाय ना मी काय नाय केलं.” तो स्वतःच हसला. “तुमी आता कुठं काय बोलू नका. झालं ते झालं.”

मी हो म्हटलं. त्याच्यावर रागवायचा मला काय हक्क? पण तो गेल्यावर मी ज्या कपातून तो चहा प्यायला तो कप कितीतरी वेळ धूत राहिले, आणि नंतर त्याचीच लाज वाटली. किळस त्याची नव्हती. किळस त्या गोष्टीची होती, जी एका माणसाच्या खिशातून निघून दुसऱ्याच्या अंगाला चिकटली आणि आता धुतली तरी जाणार नव्हती.

संक्रांतीला बंगल्यावर कामगारांच्या बायकांचं हळदीकुंकू असतं. दर वर्षी कंपनीची बस जाते न्यायला. त्या दुपारी फिटरची बायको माझ्या दारात उभी. फडक्यात भोगीला करतात तशा तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी.

“बस आलती,” ती म्हणाली. “मी नाय बसले. ह्यांनी लई समजावलं. म्हणलं, तुमी पाय धरले, तुमचं काम व्हतं. मी नाय कुंकू लावून घेनार त्या हातानं.”

“मग ते काय म्हणाले?”

“काय म्हणत्याल? खाली बघून गेले ड्युटीला.” तिनं भाकरीचं फडकं सोडलं. “ती साडी बी तशीच हाय. मेंढरांच्या वाड्यावर टाकावी वाटती, थंडीत कोकरांना आडोसा हुईल. पण सासरा म्हणतो, नको, नवी हाय.”

आम्ही दोघी भाकरी खायला बसलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, “किळस येती ताई. पण घर त्याच पगारावर चालतंय. ही पन बाजरी त्याच पैशाची.”

मी तिच्याकडं बघितलं. ती शांतपणे खात होती. मीही घास तोडला.